घरावर सौर संच बसवताना अनुदान, सवलत आणि कर : सातारा-सांगलीकरांसाठी क्रमवार माहिती

मार्च महिना उजाडला की कर सल्लागारांच्या कार्यालयात एक प्रश्न हमखास विचारला जातो : "यंदा छतावर सोलर बसवला आहे, त्याची पावती रिटर्नमध्ये कुठे दाखवायची?" उत्तर विचारणाऱ्याचा थोडा हिरमोड करणारे असते, कारण स्वतः राहण्याच्या घरावर बसवलेल्या सौर पॅनेलसाठी, पाच स्टारच्या फ्रिजसाठी किंवा कमी विजेच्या पंख्यांसाठी आपल्या प्राप्तिकरात वेगळी वजावट नाही. आपल्याकडे घरातील वीजबचतीला मिळणारी मदत प्राप्तिकराच्या वाटेने न येता तीन निराळ्या वाटांनी येते : केंद्र आणि राज्य सरकारचे थेट बँक खात्यात जमा होणारे अनुदान, खरेदीच्या वेळी कमी लागणारा जीएसटी आणि काही स्थानिक स्वराज्य संस्था घरपट्टीत देतात ती सूट. या तिन्ही वाटांवरचे नियम वेगळे, कागद वेगळे आणि मुख्य म्हणजे क्रम वेगळा आहे. बहुतेकांचे घोडे अडते ते या क्रमातच, म्हणून हा लेख कामाच्या क्रमाने लिहिला आहे.

आधी एका शब्दाचा खुलासा केलेला बरा. सातारा, कराड, सांगली, मिरज या भागांत "आमच्याकडे सोलर आहे" असे कोणी म्हटले की त्याचा अर्थ अनेक वर्षे छतावरचा गरम पाण्याचा बंब असाच होत असे, आणि आजही जुन्या मंडळींच्या बोलण्यात तोच असतो. पाणी तापवणारा सौर बंब आणि वीज तयार करणारा सौर संच ही दोन वेगळी यंत्रे आहेत. सध्याचे मोठे अनुदान विजेच्या संचाला आहे, बंबाला नाही. दुकानदाराशी बोलताना हा फरक सुरुवातीलाच स्पष्ट करावा.

पहिली पायरी : बारा महिन्यांची बिले

कोणत्याही विक्रेत्याला घरी बोलावण्यापूर्वी महावितरणचे ताजे बिल हातात घ्यावे. त्यावर बारा अंकी ग्राहक क्रमांक, चार अंकी बिलिंग युनिट, मंजूर भार आणि मागील महिन्यांचा वीजवापर दिलेला असतो. मागील बारा महिन्यांची युनिटे एका कागदावर ओळीने लिहून त्यांची सरासरी काढावी. डिसेंबरमध्ये १६० आणि मे महिन्यात ३५० युनिटे लागणाऱ्या घराची गरज केवळ मे महिन्याच्या बिलावरून ठरवली तर संच विनाकारण मोठा होतो, आणि विक्रेता बहुधा मे महिन्याचेच बिल मागतो.

सरासरी हाती आली की लगेच पॅनेलकडे न वळता ती कमी करता येते का हे पाहावे. या कामाला सरकारी अनुदान नसले तरी पुढच्या अनुदानापेक्षा यातून होणारी बचत कधीकधी मोठी असते. उदाहरणादाखल पंखाच घेऊ. जुना साधा छताचा पंखा पूर्ण वेगावर सुमारे ७५ वॉट वीज घेतो, तर बीएलडीसी प्रकारचा, म्हणजे कमी वीज घेणाऱ्या मोटारीचा, पंखा सुमारे ३० वॉट. रोज बारा तास फिरणाऱ्या एका पंख्यामागे दिवसाला साधारण अर्धे युनिट, म्हणजे महिन्याला सुमारे १६ युनिटे वाचतात. घरात असे चार पंखे असतील तर महिन्याची ६५ युनिटे वाचली. इतकी वीज तयार करण्यासाठी छतावर जवळपास अर्ध्या किलोवॉटची पॅनेल लावावी लागतील. पंखा घेताना ऊर्जा दक्षता ब्युरोचे, म्हणजे बीईईचे, स्टार लेबल पाहावे. छताच्या पंख्यांना ते २०२३ पासून सक्तीचे आहे. फ्रिज आणि एसीच्या लेबलवर ताऱ्यांच्या संख्येइतकेच ते कोणत्या वर्षाचे आहे हेही वाचावे, कारण निकष काही वर्षांनी कडक होतात आणि दुकानात पडून राहिलेल्या जुन्या मालावरचे पाच तारे आजच्या पाच ताऱ्यांइतके किमतीचे नसतात. एसीवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. सवलत म्हणून मिळते ती एवढीच आणि ती बिलातच मिळते; त्यासाठी अर्ज करावा लागत नाही.

दुसरी पायरी : संच किती मोठा घ्यायचा

आपल्या भागात एक किलोवॉटच्या संचातून दिवसाला सरासरी चार युनिटे, म्हणजे महिन्याला सुमारे १२० युनिटे मिळतील असे धरून चालण्यास हरकत नाही. ही वर्षभराची सरासरी आहे. जत, आटपाडी, माण, खटाव या कोरड्या तालुक्यांत ती सहज गाठली जाते. महाबळेश्वर, जावळी आणि पाटणच्या डोंगरपट्ट्यात मात्र जून ते सप्टेंबर या काळात धुके आणि पाऊस यांमुळे उत्पादन बरेच खाली येते, आणि तेथील घरमालकांनी हिशेब करताना हात थोडा आखडता घ्यावा. तरीही पावसाच्या प्रदेशात सौर वीज चालतच नाही, असा समज करून घेऊ नये. पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी हे गाव २०२४ मध्ये राज्यातील पहिले सौरग्राम म्हणून जाहीर झाले, आणि पाटणचा पाऊस काय असतो हे सातारकरांना सांगायला नको.

आता अनुदानाचे आकडे. 'पीएम सूर्यघर : मोफत वीज योजना' १३ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाली. एक कोटी घरांचे उद्दिष्ट, ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद आणि २०२६-२७ पर्यंतची मुदत असे तिचे स्वरूप आहे. घरगुती ग्राहकाला पहिल्या दोन किलोवॉटपर्यंत प्रत्येक किलोवॉटमागे ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॉटसाठी १८,००० रुपये मिळतात. तीन किलोवॉटचे एकूण ७८,००० रुपये झाले की अनुदान तेथेच थांबते. पाच किलोवॉटचा संच बसवणाऱ्यालाही ७८,००० रुपयेच मिळतात.

या आकड्यांमागचे गणित समजून घेतले तर निर्णय सोपा होतो. योजनेने पहिल्या दोन किलोवॉटची आधारभूत किंमत प्रत्येकी ५०,००० रुपये आणि तिसऱ्याची ४५,००० रुपये धरली आहे. म्हणजे पहिल्या दोहोंवर ६० टक्के आणि तिसऱ्यावर ४० टक्के मदत होते. त्यात महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढत जातात : १०० युनिटांपर्यंत एक दर, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा आणि त्यापुढे चौथा. सौर वीज बिलातून वजा होते तेव्हा आधी सर्वांत महागडी, वरच्या टप्प्यातील युनिटे कमी होतात आणि शेवटी उरतात ती सर्वांत स्वस्त पहिली १०० युनिटे. तेव्हा पहिला किलोवॉट सर्वांत जास्त अनुदान घेऊन सर्वांत महाग वीज वाचवतो, आणि तिसरा किलोवॉट कमी अनुदान घेऊन बहुधा स्वस्त वीज वाचवतो. महिन्याला सरासरी २६० युनिटे वापरणाऱ्या घराने पंखे बदलून वापर १९५ वर आणला, तर दोन किलोवॉटचा संच त्याला पुरेसा आहे. "७८,००० मिळतात, तर तीनच घ्या" हा विक्रेत्याचा आग्रह अशा ठिकाणी नम्रपणे बाजूला ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन वर्षांत घरात एसी किंवा विजेवर चालणारी स्कूटर येणार असेल तर गोष्ट वेगळी.

नेट मीटरचा हिशेबही येथेच समजून घ्यावा. दिवसा तयार होऊन न वापरलेली वीज महावितरणच्या वाहिनीत जाते, रात्री आपण तेथूनच वीज घेतो आणि महिनाअखेर दोहोंतील फरकाचे बिल येते. दिलेली युनिटे जास्त असतील तर ती पुढील महिन्यासाठी जमा राहतात. मात्र हे खाते आर्थिक वर्षासोबत, म्हणजे ३१ मार्चला, मिटवले जाते आणि शिल्लक युनिटांचे पैसे राज्य वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने मिळतात. तो दर आपण भरतो त्या दरापेक्षा बराच कमी असतो. हिवाळ्यात पंखे बंद असताना साठलेली युनिटे एप्रिल-मेच्या उन्हाळ्यासाठी उरत नाहीत, ती मार्चलाच संपतात. उलट एप्रिल-मेमध्ये साठलेली युनिटे पावसाळ्यात कामी येतात. याचसाठी संच गरजेपेक्षा मोठा न करता नेमका ठेवण्यात शहाणपण आहे. आणखी एक गोष्ट : युनिटे शून्यावर आली तरी स्थिर आकार लागतोच, त्यामुळे "बिल शून्य" या जाहिरातीतील शब्दांचा अर्थ "बिल थोडे" असा घ्यावा.

तिसरी पायरी : कागद

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ जातो आणि तिच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. अर्जदाराच्या नावावर वापरायोग्य छत असलेले घर हवे, त्या घरात अधिकृत वीजजोडणी हवी आणि त्याने यापूर्वी सौर पॅनेलसाठी कोणतेही अनुदान घेतलेले नसावे, या योजनेच्या मूळ अटी आहेत. अर्ज वीजबिलावरील नावाने होतो आणि अनुदान त्याच नावाच्या बँक खात्यात जमा होते. बिल, आधार आणि बँक खाते या तिन्ही ठिकाणी नाव जुळले पाहिजे.

आमच्या साताऱ्यातील घराचे बिल वडिलांच्या नावावर होते. ते जाऊन सहा वर्षे झाली होती, बिल दर महिन्याला भरले जात होते आणि नाव बदलण्याची गरज कधी कोणाला वाटली नव्हती. छतावर पॅनेल चढवण्याचे ठरल्यावर ही बाब उघड झाली. मृत्यूचा दाखला, वारसनोंद झालेले मालमत्ता पत्रक आणि दोन्ही बहिणींची संमतिपत्रे गोळा करता करता पावसाळा तोंडावर आला. त्यातही मालमत्ता पत्रकावर वारसांची नोंद झालेलीच नव्हती, म्हणून आधी नगर भूमापन कार्यालयात ते काम करावे लागले आणि मग महावितरणकडे नावबदलाचा अर्ज करता आला. चूक सर्वस्वी आमची होती. ज्यांच्या घरी अशीच स्थिती आहे त्यांनी विक्रेता शोधण्याआधी नावबदलाचा अर्ज करावा. तो महावितरणच्या संकेतस्थळावरूनही करता येतो. गावठाणातील घरांसाठी ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, तर शहरात मालमत्ता पत्रक किंवा घरपट्टीची पावती जवळ ठेवावी. थकीत बिल असेल तर आधी भरून टाकावे.

चौथी पायरी : छत

एका किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट सावलीविरहित जागा लागते. "सावलीविरहित" हा शब्द महत्त्वाचा आहे. सकाळी नऊ ते दुपारी चार या वेळात, शक्य असल्यास डिसेंबरमध्ये, छतावर जाऊन पाण्याची टाकी, जिन्याची खोली, शेजारचा मजला आणि नारळाचे झाड यांच्या सावल्या कोठे पडतात हे पाहावे आणि खडूने रेघ मारून ठेवावी. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे मे महिन्यात मोकळी दिसणारी जागा डिसेंबरमध्ये सावलीत जाते. पॅनेलचे तोंड दक्षिणेला आणि कल १७ अंशांच्या आसपास असावा, कारण आपले दोन्ही जिल्हे साधारण तेवढ्याच अक्षांशावर आहेत.

छत सिमेंटच्या स्लॅबचे असेल तर स्लॅबमध्ये भोके पाडायची की सिमेंटचे ठोकळे ओतून त्यांवर सांगाडा उभा करायचा, हे करारात लिहून घ्यावे. आमच्याकडे ते लिहून घेतले नाही. कामगारांनी सकाळी येऊन दुपारपर्यंत सोळा भोके पाडली, बोल्ट घट्ट आवळले आणि संध्याकाळी वीज सुरूही झाली. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात स्वयंपाकघराच्या छताला ओल आली, आणि ती ओल सांगाड्याच्या चौथ्या पायाच्या बरोबर खाली होती. दोन वर्षांपूर्वीच पैसे खर्चून केलेले वॉटरप्रूफिंग त्या एका बोल्टने निकामी केले होते. विक्रेत्याने "भोकात सिलिकॉन भरले होते" असे सांगून हात वर केले. छताच्या दुरुस्तीचा खर्च अनुदानाच्या जवळपास एक दशांश निघाला. तेव्हापासून मी प्रत्येकाला ठोकळ्यांचाच आग्रह धरायला सांगतो. वाऱ्याचा प्रश्न कोणी काढला तर ठोकळ्यांचे वजन वाढवावे, भोके वाढवू नयेत. पत्र्याच्या किंवा कौलारू छतावर ठोकळे ठेवता येत नाहीत. तेथे खालच्या कैच्या आणि वासे पॅनेलचा भार पेलतील का हे गवंडी किंवा अभियंत्याकडून पाहून घ्यावे.

सांगलीकरांसाठी एक सूचना येथेच केली पाहिजे. कृष्णेच्या पाण्याची आयर्विन पुलाजवळची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते, आणि २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. पॅनेल छतावर सुरक्षित असतात, पण पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा इन्व्हर्टर आणि त्याच्या जोडपेट्या विक्रेते सवयीने मीटरशेजारी तळमजल्यावर लावतात. ज्या घरात २०१९ मध्ये पाणी शिरले होते त्या घरात इन्व्हर्टर पुराच्या खुणेच्या वर, शक्यतो पहिल्या मजल्यावर किंवा जिन्याच्या खोलीत, बसवावा. तारेचे थोडे मीटर वाढतील. ते वाढू द्यावेत.

पाचवी पायरी : अर्ज, विक्रेता आणि पैसे

अर्ज पीएम सूर्यघरच्या राष्ट्रीय पोर्टलवरच करावा. पोर्टलच्या पत्त्याचा शेवट 'जीओव्ही डॉट इन' असा आहे हे तपासावे, कारण तशाच नावाची खोटी संकेतस्थळे आणि व्हॉट्सॲपवरून येणाऱ्या फाइली यांमुळे लोकांची खाती रिकामी झाली आहेत. नोंदणीसाठी मोबाइल क्रमांक, ईमेल आणि ग्राहक क्रमांक लागतो. राज्य महाराष्ट्र आणि वीज कंपनी महावितरण निवडायची. त्यानंतर बिलाची प्रत जोडून छतावरील संचासाठी अर्ज करायचा. दहा किलोवॉटपर्यंतच्या अर्जांना तांत्रिक मंजुरी आपोआप मिळते, त्यासाठी कोणाच्या टेबलापाशी उभे राहावे लागत नाही. मदत लागल्यास योजनेचा १५५५५ आणि विजेच्या तक्रारींसाठी १९१२ हे क्रमांक आहेत. महावितरणच्या रचनेत सांगली जिल्हा कोल्हापूर परिमंडळात आणि सातारा जिल्हा बारामती परिमंडळात मोडतो, पण सामान्य ग्राहकाचे काम आपल्या उपविभागीय कार्यालयातच होते.

विक्रेता पोर्टलवर नोंदणी असलेलाच हवा, अन्यथा अनुदान मिळत नाही. किमान तिघांकडून लेखी दरपत्रक घ्यावे. दरपत्रकात पॅनेलची कंपनी, प्रत्येक पॅनेलचे वॉट, इन्व्हर्टरची क्षमता, सांगाड्याची उंची आणि लोखंडाची जाडी, तारेची लांबी, वीज पडण्यापासून बचाव करणारा अरेस्टर आणि तीन स्वतंत्र अर्थिंग हे सर्व वेगवेगळे लिहिलेले असावे. पॅनेल भारतात बनवलेल्या सेलची, म्हणजे बाजाराच्या भाषेत 'डीसीआर', हवीत. आयात सेलची पॅनेल स्वस्त पडतात, पण त्यांना अनुदान नाही. अनुदान पॅनेलची एकूण क्षमता आणि इन्व्हर्टरची क्षमता यांपैकी जी कमी असेल तिच्यावर ठरते. ५४० वॉटची सहा पॅनेल म्हणजे ३.२४ किलोवॉट झाली, पण त्यांना अडीच किलोवॉटचा इन्व्हर्टर जोडला तर अनुदान अडीच किलोवॉटचेच. पाच वर्षांची देखभाल विक्रेत्यावर बंधनकारक आहे. ती करारात लिहिलेली आहे का ते पाहावे.

पैशांबाबत नवख्यांची एक गफलत होते. दरपत्रकात काही वेळा "अनुदान वजा जाता किंमत" मोठ्या अक्षरांत छापलेली असते. अनुदान विक्रेत्याला नव्हे, आपल्या खात्यात आणि तेही काम पूर्ण झाल्यावर येते. तोपर्यंत पूर्ण रक्कम आपल्यालाच उभी करायची असते. सर्व पैसे आगाऊ देऊ नयेत. एक भाग साहित्य घरी आल्यावर, एक उभारणी झाल्यावर आणि शेवटचा नेट मीटर बसल्यावर असे टप्पे ठरवावेत. गाठीला पैसे नसतील तर तीन किलोवॉटपर्यंतच्या संचासाठी राष्ट्रीयीकृत बँका दोन लाख रुपयांपर्यंत विनातारण कर्ज देतात. त्याचा व्याजदर रेपो दराशी, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते त्या दराशी, जोडलेला असल्याने साध्या वैयक्तिक कर्जापेक्षा बराच कमी पडतो.

वीज कमी लागणाऱ्या घरांसाठी राज्य सरकारने २०२५ मध्ये 'स्मार्ट' नावाची जोड योजना आणली. महिन्याला १०० युनिटांपर्यंत वापर असणाऱ्यांना एक किलोवॉटच्या संचासाठी केंद्राच्या ३०,००० रुपयांवर राज्याची भर मिळते : दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला १७,५०० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या ग्राहकाला १५,००० रुपये आणि सर्वसाधारण ग्राहकाला १०,००० रुपये. ५०,००० रुपयांच्या संचात दारिद्र्यरेषेखालील घराला स्वतःचे २,५०० रुपयेच घालावे लागतात. शेतमजुरी करणाऱ्या कुटुंबांना हे कळवण्याचे काम शेजाऱ्यापाजाऱ्यांनीच केले पाहिजे, कारण मोठ्या संचात नफा असल्याने एक किलोवॉटची माहिती विक्रेता आपण होऊन सांगत नाही.

सदनिकेत राहणाऱ्यांचे छत सामाईक असते. गृहनिर्माण संस्थेला लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातील दिवे आणि वाहन चार्जिंग अशा सामाईक वापरासाठी प्रति किलोवॉट १८,००० रुपये अनुदान आहे आणि त्याची मर्यादा ५०० किलोवॉटपर्यंत जाते. त्यासाठी सर्वसाधारण सभेचा ठराव करावा आणि अर्ज संस्थेच्या नावावरील जोडणीतून करावा.

सहावी पायरी : उभारणीनंतर

संच उभा राहिला की त्याचा तपशील पोर्टलवर चढवून नेट मीटरसाठी अर्ज होतो. महावितरणचे कर्मचारी पाहणी करून मीटर बसवतात आणि संच कार्यान्वित झाल्याचा अहवाल पोर्टलवर येतो. त्यानंतर बँकेचा तपशील आणि रद्द केलेल्या धनादेशाची प्रत चढवून अनुदानाची मागणी करायची असते. रक्कम साधारण ३० दिवसांत खात्यावर जमा होते. पॅनेल छतावर चढण्यापूर्वी प्रत्येकाच्या मागील चिठ्ठीवरील अनुक्रमांकाचे छायाचित्र स्वतः काढून ठेवावे. पॅनेल एकदा सांगाड्यावर आवळली की खाली आडवे झोपून ते वाचावे लागतात, आणि दुसऱ्याच घराचे क्रमांक चढवले गेल्याचे प्रकार घडतात.

नवख्यांना आणखी एक धक्का पहिल्या पावसात बसतो. वीज गेली की सौर संचही बंद पडतो, भर दुपारी ऊन असले तरी. वाहिनीवर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या छतावरील विजेचा झटका बसू नये म्हणून इन्व्हर्टर मुद्दाम तसा बनवलेला असतो. वीज गेल्यावरही दिवे हवे असतील तर बॅटरीचा हायब्रिड संच घ्यावा लागतो, पण बॅटरीच्या खर्चावर अनुदान नाही.

घरपट्टी, जीएसटी आणि प्राप्तिकर

घरपट्टीतील सूट ही त्या त्या नगरपालिका किंवा महापालिकेच्या ठरावावर अवलंबून असते. पुणे महापालिका सौर यंत्रणा, पर्जन्यजल संधारण आणि गांडूळखत यांसाठी ५ ते १० टक्के सूट अनेक वर्षे देत आली आहे. साताऱ्यात नगरपालिकेच्या आणि सांगलीत सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या कर विभागात चालू वर्षाचा ठराव विचारून घ्यावा, आणि तो काम सुरू करण्यापूर्वीच विचारावा, कारण अशी सूट बहुधा पाहणीनंतर आणि अर्जाच्या तारखेपासून पुढे लागू होते. अर्जासोबत संचाची पावती, कार्यान्वयन अहवाल आणि छायाचित्र जोडावे, आणि घरपट्टीची थकबाकी ठेवू नये.

जीएसटीबाबत बिल नीट वाचावे. सौर पॅनेल आणि सौर बंब यांवरील कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे. विजेचा पूर्ण संच बसवून घेताना किमतीचा ७० टक्के भाग माल आणि ३० टक्के भाग सेवा धरला जातो. मालावर ५ आणि सेवेवर १८ टक्के लावले की एकूण कर ८.९ टक्के येतो. पूर्वी तो १३.८ टक्के होता. जुन्या दरपत्रकावर १३.८ दिसले तर नवीन दरपत्रक मागावे.

प्राप्तिकराची बाजू थोडक्यात संपते. जुन्या करप्रणालीत राहणाऱ्याने स्वतःच्या घराच्या दुरुस्तीसाठी किंवा नूतनीकरणासाठी कर्ज घेतले असेल, तर त्याच्या व्याजावर वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. नव्या करप्रणालीत ती मिळत नाही. दुकान, दवाखाना किंवा कारखान्याच्या छतावर व्यवसायासाठी बसवलेल्या संचावर ४० टक्के घसारा घेता येतो, पण तो व्यवसायाचा खर्च आहे, घराचा नव्हे. एकाच इमारतीत खाली दुकान आणि वर घर असेल तर दोन्ही जोडण्यांचे संच आणि पावत्या वेगळ्या ठेवाव्यात.

सौर बंबासाठी केंद्राचे अनुदान पूर्वी होते, आता नाही. तरीही चार माणसांच्या घरात गीझरची वीज वाचत असल्याने तो आपला खर्च काही वर्षांत भरून काढतो. बोअरच्या जड पाण्यावर मात्र नळ्यांत क्षार साठतात, म्हणून बंबाला नळाचे पाणी जोडता आले तर तेच जोडावे. गोठ्यात जनावरे असणाऱ्यांनी गोबर गॅसची चौकशी पंचायत समितीच्या कृषी विभागात करावी.

पहिले बिल

नेट मीटर बसल्यावर येणारे पहिले बिल शांतपणे वाचावे. त्यात घेतलेली युनिटे, दिलेली युनिटे आणि जमा युनिटे असे तीन आकडे वेगळे असतात. इन्व्हर्टरच्या पडद्यावर दिसते ती एकूण निर्मिती; ती आणि बिलावरील "दिलेली युनिटे" सारखी नसतात, कारण दिवसा घरात वापरलेली वीज मीटरपर्यंत पोहोचतच नाही. हा फरक पाहून अनेकजण मीटर बिघडल्याची तक्रार करतात. बिलावर दिलेल्या युनिटांच्या जागी शून्य असेल, किंवा मागील महिन्याची जमा पुढे ओढलेली नसेल, तर मात्र लगेच उपविभागीय कार्यालयात लेखी तक्रार द्यावी.

ऊसतोडणीच्या हंगामात, शेतातील पाचट पेटवले की त्याची काळी राख पॅनेलवर बसते. कृष्णाकाठच्या गावांत ती डिसेंबर ते मार्च या काळात दर पंधरवड्याला साध्या पाण्याने, सकाळी लवकर किंवा सूर्य मावळल्यावर धुवावी. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये आणि साबणाची पूड वापरू नये. मार्चअखेरचे बिल आले की त्यावरील जमा युनिटांचा हिशेब मिटला आहे का, आणि एप्रिलचे खाते शून्यापासून सुरू झाले आहे का, एवढे पाहून ते बिल अनुदानाच्या कागदांसोबत फाइलला लावून ठेवावे.